कुलाब्याची इमारत आणि डॉ. होमी भाभा

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला आणि खरे सांगायचे तर त्याचे दुःख दोघांपैकी कोणालाच झाले नाही. तेव्हा डॉ. होमी भाभांच्या चरित्रावर लिहिण्याचा अधिकार याला कोणी दिला, असा प्रश्न आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना पडेल. अधिकार नाहीच. पण मी एका गवंड्याचा मुलगा आहे, आणि भाभांपर्यंत मी पोहोचलो तो अणूच्या वाटेने नव्हे, एका इमारतीच्या वाटेने. त्या वाटेची सुरुवात आमच्या मांजरसुंब्याला आहे.

मांजरसुंबा म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीने एक फाटा. बीडहून घाट चढून वर आले की रस्ते फुटतात. एक सोलापूरकडे, एक केज-अंबाजोगाईकडे, एक पाटोद्यावरून नगरकडे. माणसे इथे उतरतात ती दुसरी गाडी पकडण्यासाठी. कपिलधारच्या यात्रेला जाणारे सोडले तर इथे मुद्दाम येणारा विरळाच. आमचे अण्णा तीस वर्षांपासून या परिसरात गवंडीकाम करतात. परवाच्या साली जवळच्या एका गावी शाळेला दोन खोल्या मंजूर झाल्या. त्यांतली एक विज्ञानाच्या प्रयोगशाळेची. काम अण्णांकडे आले. नकाशा वरून तयार होऊन आला होता. असा नकाशा सगळीकडे एकच असतो म्हणे. डोंगरावरच्या गावाला तोच, नदीकाठच्या गावालाही तोच. आखणी करताना दिसले, की मागच्या भिंतीच्या रेषेत एक जुना लिंब येतो आहे. शिवाय पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच नव्हती.

त्या संध्याकाळी अण्णा जेवताना सहज म्हणाले, की तो मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या इमारतींचा नकाशा कोण काढत असेल? आत बसून काम करणाराला कोणी विचारत असेल का? घरात शिकलेला मीच. मला उत्तर आले नाही. लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी भाभांचे चरित्र मागितले. ते का, हे आता नेमके सांगता येत नाही. मुंबईला समुद्राकाठी त्यांनी बांधलेल्या संस्थेचे चित्र कोणत्या तरी क्रमिक पुस्तकात पाहिल्याचे अंधूक आठवत होते, एवढेच.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई सर दोराबजी टाटांना दिलेली, त्यामुळे टाटांच्या घरी येणेजाणे नित्याचे. घरात पुस्तकांचा, चित्रांच्या ग्रंथांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह. मुलाला चित्रकला शिकवायला जहांगीर लालकाकांसारखे नामांकित चित्रकार. हे सगळे वाचताना मी मनाशी म्हणालो, की अशा घरात जन्मलेल्या माणसाचे चरित्र वाचून आपल्याला काय मिळणार? आमच्याकडे संग्रह म्हणायचा तर अण्णांच्या थाप्यांचा. पुस्तक मिटून परत द्यावे, असेही वाटले. ते परत दिले नाही, याचे कारण पुढच्या दोन पानांवर एक अगदी ओळखीचा प्रसंग निघाला.

कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण झाल्यावर १९२७ साली होमीला केंब्रिजला पाठवले ते यंत्र-अभियांत्रिकी शिकायला. शिकून परत यावे आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, हा वडीलधाऱ्यांचा बेत. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले. त्याने वडिलांना पत्रे लिहून विनवण्या केल्या. आपल्याकडे डी. एड. करून मास्तर हो म्हणणारे वडील आणि नाटकात जाऊ द्या म्हणणारा मुलगा यांच्यात जे चालते, तेच केंब्रिज आणि मुंबई यांच्यात चालले होते. शेवटी तडजोड झाली. अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी दोन वर्षे तिथे राहा. होमीने १९३० साली अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ साली गणितातही. बंडखोरी करण्यापेक्षा अट पुरी करून आपले मिळवायचे, हा स्वभाव पुढे जन्मभर दिसतो. मंत्री, विश्वस्त, सचिव, सगळ्यांशी त्यांनी याच रीतीने काम काढले.

त्यांच्या विज्ञानाबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण जे समजले नाही त्यावर परिच्छेद लिहिणे बरे नव्हे. डिरॅक यांच्यासारख्यांकडून ते शिकले; झुरिचला पौली, रोमला फर्मी यांच्या सहवासात राहिले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात, त्याचे गणित त्यांनी मांडले. जगभरची पुस्तके आजही त्याला भाभांचे नाव देतात. १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक कण वातावरणात शिरला की एकाचे दोन, दोनाचे चार असे कणांचे झुंबड-पाऊस कसे कोसळतात, याचा तो हिशेब. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९४१ साली, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी हिंदुस्थानात आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन भौतिकशास्त्राचे प्रमुख होते. तिथे भाभा रीडर म्हणून रुजू झाले. विक्रम साराभाईही त्याच काळात तिथे होते. नाइलाजाने आलेला हा मुक्काम भाभांचे आयुष्य बदलून गेला. युरोपच्या कलेत वाढलेल्या या माणसाला आपल्या देशातली शिल्पे, देवळे, नृत्य प्रथम नीट दिसले ते या वर्षांत. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतायचे की नाही, हा विचार हळूहळू मागे पडला. इथेच राहून इथे नाही ते उभे करावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था हवी, असे त्यात होते. पुढेमागे वीस-एक वर्षांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला बाहेर पाहावे लागू नये, ते घरातच तयार असावेत, असाही मुद्दा होता. लक्षात घ्या, हे १९४४ साल आहे. हिरोशिमा अजून दीड वर्ष पुढे आहे, स्वातंत्र्य तीन वर्षे पुढे.

माझ्या दृष्टीने चरित्रातला खरा रसाळ भाग इथून सुरू होतो. संस्था १ जून १९४५ रोजी बंगलोरला सुरू झाली. तिचे नाव टाटा मूलभूत संशोधन संस्था. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक अवघे ८०,००० रुपयांचे. त्याच वर्षी ती मुंबईला आली, आणि १९ डिसेंबर १९४५ रोजी गव्हर्नर सर जॉन कॉल्व्हिल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले ते कोठे? तर पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात, भाड्याने घेतलेल्या अर्ध्या भागात. हा बंगला भाभांच्या नातलगांचा. भाभांचा जन्मच या वास्तूतला. जागा साधारण ६,००० चौरस फूट. म्हणजे ज्या संस्थेचे नाव पुढे जगात झाले, ती सुरुवातीला एका घराच्या अर्ध्या भागात पोटभाडेकरूसारखी राहत होती!

१९४९ साली जागा पुरेना, तेव्हा संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. तिथे सुमारे ३५,००० चौरस फूट मिळाले. तेही लौकरच अपुरे पडले. मग कुलाब्याच्या टोकाला, नौदलाच्या वस्तीजवळ, सैन्याच्या जुन्या बराकींत प्रयोगशाळा थाटल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे तिथे बनत होती. या बराकींतल्या मंडळींनी जोडलेली यंत्रणा पुढे तुर्भ्याच्या अप्सरा अणुभट्टीच्या कामी आली. ही भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली, आशिया खंडातली पहिलीच. विचार करा, की अणुभट्टी चालू झाली तेव्हा संस्थेची स्वतःची इमारत पुरी झालेली नव्हती.

अण्णांना मी हे वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की म्हणजे त्या माणसाने आधी बिऱ्हाड जमवले आणि मग घर बांधायला काढले. आमच्याकडे सगळे उलटे.

भाभांचा हा केवळ नाइलाज नव्हता. ते त्यांचे मत होते. त्याच काळात शांतिस्वरूप भटनागर यांच्या पुढाकाराने देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या भव्य इमारती उभ्या राहत होत्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. आधी वास्तू उभी राहिली, आणि पहिले संचालक म्हणून मॅकबेन या परदेशी रसायनशास्त्रज्ञांना बोलवावे लागले. भाभांचा आक्षेप या क्रमाला होता. लायक माणूस आधी शोधावा, त्याच्याभोवती काम वाढू द्यावे, आणि काम वाढेल तशी जागा द्यावी, असे ते मानत. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यात, जानेवारी १९६६ मध्ये, मुंबईला दिलेल्या एका व्याख्यानातही त्यांनी हीच बाजू मांडली. न्यायाने बोलायचे तर पुण्याच्या प्रयोगशाळेनेही पुढे फार मोठे काम केले. तेव्हा एकच रीत खरी, असे मी म्हणणार नाही. पण रीत निवडताना विचार करावा लागतो, हे तरी खरे.

आता इमारतीकडे येतो. कुलाब्याच्या जागेवर १ जानेवारी १९५४ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. जमीन संरक्षण खात्याकडून मिळालेली, तिन्ही अंगांनी समुद्राचा वारा. वास्तुशिल्पी म्हणून भाभांनी निवडले ते हेल्मुट बार्ट्श यांना. शिकागोच्या होलाबर्ड अँड रूट या जुन्या, नावाजलेल्या कंपनीचे ते वास्तुविशारद. इतक्या दूरचा माणूस कशाला, अशी कुरकुर कोणाच्याही मनात येईल, माझ्या आली. पण इमारत पाहिल्यावर वाटते, की बार्ट्श यांनी शिकागो इथे आणून ठेवलेले नाही. ती उंच नाही, लांब आहे. पुढच्या अंगाला खांबांची ओळ, आत दोन्हीकडे उघडे असलेले दालन, आणि त्या दालनातून पलीकडचा समुद्र दिसेल अशी मोकळी रचना.

भाभा या कामात पायाच्या दगडापासून पडद्याच्या रंगापर्यंत लक्ष घालत. फर्निचर कसे असावे, भिंतीला कोणता रंग द्यावा, हिरवळीची कड कशी वळवावी, हे सगळे त्यांच्या नजरेखालून जाई. हाताखालच्यांना याचा जाच होत असणार, यात शंका नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रांत असल्या जाचाला सौंदर्यदृष्टी म्हणतात. आमच्या अण्णांच्या भाषेत त्याला मालकाचा तगादा म्हणतात. एका बाबतीत मात्र अण्णा पूर्णपणे भाभांच्या बाजूचे. झाड आडवे आले तर भाभांची पहिली आज्ञा तोडू नका अशी असे. नकाशा वळवता आला तर वळवायचा. नाहीच तर झाड मुळांसकट खणून दुसरीकडे नेऊन लावायचे. मोठमोठी झाडे त्यांनी अशी हलवून जगवली.

आणि चित्रे! त्या काळी हुसेन, गायतोंडे, रझा, आरा, हेब्बर, तय्यब मेहता या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेणारे मुंबईत मोजके होते. भाभा प्रदर्शनांना स्वतः जात आणि संस्थेसाठी चित्रे निवडत. संस्थेच्या खर्चातला शेकडा एक हिस्सा कलाकृतींसाठी वापरायला त्यांनी नेहरूंची संमती मिळवली होती. असा दोनशेहून अधिक चित्रांचा संग्रह झाला. प्रवेशदालनाच्या मोठ्या भिंतीसाठी पिकासोकडून भित्तिचित्र मिळेल का, याचीही त्यांनी चाचपणी केली. ते जमले नाही. मग भारतीय चित्रकारांकडून आराखडे मागवले, आणि हुसेन यांचा आराखडा निवडला गेला. ४५ फूट लांब, ९ फूट उंच असे ते चित्र, नाव भारत भाग्यविधाता. हुसेन यांचा जन्म आपल्या पंढरपूरचा. पिकासो जमला नाही याचे मला व्यक्तिशः काहीच वाईट वाटत नाही.

१५ जानेवारी १९६२ रोजी नेहरूंच्याच हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. कोनशिलेपासून आठ वर्षे. संस्थेतच तयार झालेल्या मोठ्या संगणकालाही तेव्हाच टिफ्रॅक हे नाव नेहरूंनी दिले. दहा वर्षांनी, १९७२ साली, आमच्या जिल्ह्यात माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्यात माझी आजी होती. या दोन तारखा मी शेजारी ठेवतो आणि मग तो प्रश्न टाळता येत नाही. ज्या देशात शाळेला छप्पर नाही, तिथे विज्ञानाच्या इमारतीत चित्रांवर पैसा घालावा काय?

या प्रश्नावर मी एकटाच अडखळलो आहे असे नव्हे. त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून एक गोव्याचा माणूस काम करत होता, आणि त्याचे नाव आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना भाभांपेक्षाही अधिक जवळचे आहे. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला वेगळे वळण देणारा त्यांचा १९५६ सालचा ग्रंथ त्यांनी लिहिला तेव्हा त्यांचा पगार गणितज्ञ म्हणून या संस्थेतून येत होता. पुण्याहून डेक्कन क्वीनने ते मुंबईला ये-जा करीत. त्यांना संस्थेत आणले ते भाभांनीच. पुढे दोघांचे बिनसले. अणुशक्तीवर एवढा खर्च करण्याऐवजी, ज्या देशात बारा महिने ऊन आहे त्याने सूर्यशक्तीकडे वळावे, असे कोसंबी उघडपणे मांडू लागले. १९६२ साली त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. म्हणजे ज्या साली नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, त्याच साली कोसंबी तिच्यातून बाहेर पडले. माणसाभोवती संस्था उभारावी असे मानणाऱ्या भाभांच्या चरित्रात ही गोष्ट मला खुपते. आज आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, शेतात सौरपंपाचे तक्ते चमकतात. तेव्हा कोसंबी आठवतात. तथापि भाभांनी जोडलेली माणसेही विसरता येत नाहीत. गणित, विश्वकिरण, पुढे ओबैद सिद्दिकींची जीवशास्त्राची शाखा, गोविंद स्वरूप यांची रेडिओ दुर्बीण, ज्या कामाची पुढची पायरी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला उभी आहे. हे सारे त्यांनी माणूस पाहून सुरू होऊ दिले.

एवढे वाचल्यावर इमारत डोळ्यांनी पाहायची ओढ लागली. विज्ञान दिनाच्या निमित्ताने संस्था विद्यार्थ्यांना पाहायला मिळते, असे मुंबईत शिकणाऱ्या मामेभावाने कळवले. मांजरसुंब्याच्या फाट्यावरून रात्रीची गाडी धरली. सकाळी दादरला उतरून लोकल, मग बस. कुलाब्याचा बाजार मागे पडला, नौदलाच्या वसाहती लागल्या, रस्ता शांत झाला आणि एकाएकी खारा वारा आला. फाटकावर ओळखपत्र तपासले. कला शाखा वाचून तिथला माणूस किंचित हसला, असे मला वाटले. मामेभाऊ म्हणतो तो माझा भास.

दालनात शिरताच हुसेन यांची भिंत समोर आली. शाळेतल्या मुलामुलींची एक रांग तिच्यासमोर बसून डबा खात होती. कोणी त्यांना उठवले नाही. ते दृश्य मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. मग लांबच लांब वऱ्हांड्यांतून फिरलो. प्रयोग काय चालले होते ते समजावून सांगणारे संशोधक फार आस्थेने बोलत. मला पाचांतले एक समजले. पण खिडक्या समजल्या. जिथे माणूस बसून विचार करणार, तिथे उजेड आणि बाहेरचे झाड पोहोचले पाहिजे, एवढे कोणालाही समजावे अशा त्या आहेत. मागच्या हिरवळीवर गेलो तर पुढे थेट समुद्र.

अण्णांसाठी मी फोनवर चित्रे काढून आणली. त्यांनी हुसेनकडे एकदा पाहिले आणि खांबांकडे दहा वेळा. समुद्राकाठी सळई लौकर गंजते. वरचे काँक्रीटचे कव्हर पातळ राहिले तर सळई फुगते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, हे त्यांनी मला चित्रावर बोट ठेवून शिकवले. साठ वर्षे इमारत उभी आहे म्हणजे बांधणारानेही नीट बांधली आणि सांभाळणारानेही नीट सांभाळली, असा त्यांचा निर्वाळा. त्या गवंड्यांची नावे पुस्तकात आहेत का, असे त्यांनी विचारले. मी वाचलेल्या पुस्तकात नव्हती.

भाभांना ही इमारत पुरती चार वर्षेच लाभली. तोवर ते अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष होते, अणुशक्ती खात्याचे सचिव होते, तुर्भ्याचा पसारा सांभाळत होते; १९५५ सालच्या जिनीव्हाच्या अणुशक्तीविषयक जागतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. तुर्भ्यालाही त्यांनी डोंगर, समुद्र आणि बागा यांचा मेळ घालत वास्तू उभ्या करवल्या. लग्न केले नाही. मलबार हिलवरच्या मेहरांगीर या घरी चित्रे काढावीत, बीथोव्हन ऐकावा, आणि सकाळी पुन्हा कामाला जावे. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे कांचनगंगा हे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभांचे वय छप्पन्न. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

वास्तूंचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. मेहरांगीर हे घर त्यांच्या मागे बंधू जमशेद यांच्याकडे राहिले, आणि त्यांच्यानंतर राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राकडे गेले. २०१४ साली ते लिलावात ३७२ कोटी रुपयांना विकले गेले. तिथे भाभांचे स्मारक व्हावे अशी मागणी झाली होती. २०१६ साली घर पाडण्यात आले. जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत अणुशक्ती खात्याचे कार्यालय आले. आणि संस्थेच्याच अंगाने १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पहिल्याच वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन खेड्यातल्या शाळांत विज्ञान कसे शिकवावे याचे प्रयोग केले. डॉ. भालचंद्र उदगावकरांसारखे मराठी भौतिकशास्त्रज्ञ त्यामागे होते. आजीच्या खडीचा आणि हुसेनच्या भिंतीचा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही; पण खिरोद्याची नोंद त्या हिशेबात धरावी लागते.

आमच्या शाळेच्या खोल्यांचे राहिले. कुलाब्याहून परतल्यावर मी आणि अण्णा मुख्याध्यापक सरांकडे गेलो. मी भाभांची, झाडांची हकीकत सांगितली. सर समंजस होते, पण नकाशा बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता. बरीच लिहापढी झाली. अखेर खोल्या अडीच फूट पुढे सरकवायला परवानगी मिळाली. जोते आधीच खणले होते, ते अण्णांनी दोन दिवस पदरमोड करून पुन्हा खणले. आई त्यावरून अजून बोलते. पश्चिमेची खिडकी मात्र मंजूर झाली नाही. तिथे अण्णांनी लिंटेलखाली विटा अशा रचल्या आहेत, की पुढे कोणाला खिडकी काढायची झाली तर भिंतीला धक्का न लावता त्या उतरवता याव्यात.

लिंब जागेवर आहे. खोल्यांना रंग दिला आहे. प्रयोगशाळेत लोखंडी कपाट आले आहे, त्यात काचेच्या नळ्या आणि एक सूक्ष्मदर्शक आहे, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापक सरांच्या टेबलाच्या खणात असते. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा भरलेली नाही. मागच्या आठवड्यात मी सूक्ष्मदर्शक बाहेर काढून मुलांना लिंबाचे पान दाखवले. मला त्यातले फारसे काही सांगता आले नाही.